औषधाला न जुमानणारी बुरशी आणि मावशींच्या हातातला फडका

आजारी माणसाला रुग्णालयात दाखल केले की आपण सुटलो, असे आपल्याला वाटते. पतपेढीचे कर्ज, प्रॉव्हिडंट फंडातली उचल, प्रसंगी घरातल्या बाईच्या अंगावरचे किडुकमिडुक, हे सारे त्या एका भरवशावर खर्ची पडते. हा भरवसा खोटा आहे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. रुग्णालयात गेल्यामुळेच लाखो माणसे वाचतात. परंतु ज्या जागी रोग बरे होतात, त्याच जागी काही रोग माणसाला नव्याने चिकटतात, हेही तितकेच खरे आहे. अशाच एका रोगाची माहिती आज आम्ही आमच्या वाचक कुटुंबांपुढे ठेवीत आहोत. हा रोग होतो एका बुरशीमुळे, आणि ही बुरशी औषधाला सहजासहजी दाद देत नाही.

आम्ही डॉक्टर नाही. आकडे जुळविणे हा आमचा व्यवसाय आणि वस्तीतल्या आजारी माणसांबरोबर रुग्णालयाच्या पायऱ्या चढणे हा गेल्या अनेक वर्षांचा परिपाठ. पण देशोदेशीच्या डॉक्टरांनी या बुरशीसंबंधी जे लिहून ठेवले आहे, ते वाचताना एक गोष्ट आम्हाला ठळकपणे दिसली. एकेका रुग्णाला औषध वाचवू शकते. परंतु साथ थोपवायची तर ती धुतलेल्या हातांनी आणि नीट पुसलेल्या खाटेनेच थोपते. म्हणून हा लेख जितका रुग्णांच्या नातलगांसाठी आहे, तितकाच रुग्णालयात झाडूफडका मारणाऱ्या आपल्या भावाबहिणींसाठीही आहे.

हिचे नाव, हिचे गाव

बुरशी आपल्याला नवी नाही. शिळ्या भाकरीवर, ओल धरलेल्या भिंतीवर, पावसाळ्यात कोपऱ्यात पडलेल्या चपलेवर ती आपण पाहतोच. अंगावरचे गजकर्ण ही बुरशीच, आणि तान्ह्या बाळाच्या तोंडात येणारे पांढरे चट्टेही बुरशीचेच. या चट्ट्यांची बुरशी कॅन्डिडा नावाच्या कुळातली असते. या कुळातल्या काही जाती निरोगी माणसाच्या तोंडात व आतड्यात मुकाट्याने राहतात. माणसाची प्रतिकारशक्ती खालावली की त्या डोके वर काढतात.

२००९ साली जपानमधील टोकियो येथे एका सत्तर वर्षांच्या वृद्धेच्या कानातून घेतलेल्या नमुन्यात शास्त्रज्ञांना या कुळातली एक नवी जात सापडली. लॅटिन भाषेत कानाला ऑरिस म्हणतात, म्हणून हिचे नाव पडले कॅन्डिडा ऑरिस. नाव कानाचे असले तरी हिचा हल्ला कानापुरता नाही. ती रक्तात शिरते आणि रक्तातून सर्व शरीरभर पसरते. पुढे जुने साठवलेले नमुने तपासता दक्षिण कोरियातील १९९६ सालच्या एका नमुन्यातही हीच बुरशी निघाली. तेव्हा तिला कोणी ओळखले नव्हते, इतकेच.

आपल्या देशात हिची वर्दी दिली ती दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी. दिल्लीतील दोन रुग्णालयांत २००९ ते २०११ या काळात १२ रुग्णांना हिचा संसर्ग झाल्याचे त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर देशभरातील २७ अतिदक्षता विभागांची पाहणी पुढे आली. २०११-१२ मध्ये या विभागांत रक्तात कॅन्डिडा शिरलेले १४०० रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी ७४ जणांच्या रक्तात कॅन्डिडा ऑरिस होती. शेकडा पाच म्हणजे थोडेच, असे कुणी म्हणेल. पण २७ पैकी १९ विभागांत ती सापडली, हा आकडा आम्हाला अधिक बोलका वाटतो. ती एखाद्या कोपऱ्यात दडलेली नव्हती. बहुतेक दारांतून आत येऊन बसलेली होती. याच पाहणीत असेही दिसले की, सरकारी रुग्णालयांत आणि दीर्घकाळ अतिदक्षता विभागात राहिलेल्यांत हिचे प्रमाण अधिक होते. आपली माणसे जातात ती बहुधा सरकारी रुग्णालयातच, हे वेगळे सांगायला नको.

करोनाच्या पहिल्या लाटेत, २०२० साली, दिल्लीच्या एका अतिदक्षता विभागात करोनाच्या १५ रुग्णांच्या रक्तात कॅन्डिडा शिरली. त्यातील १० जणांना झालेला संसर्ग ऑरिसचा होता आणि त्या दहांपैकी सहा दगावले. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने माणसाला घातक अशा १९ बुरशींची यादी काढली, तिच्यात अत्यंत गंभीर ठरविलेल्या पहिल्या चारांत कॅन्डिडा ऑरिसचे नाव आहे.

येथे एक गल्लत टाळावी. २०२१ साली करोनातून उठलेल्या अनेकांना, विशेषतः मधुमेह असलेल्यांना, ‘काळ्या बुरशी’ने गाठले होते. महाराष्ट्राने तर तिचा फार मोठा तडाखा सोसला. ती वेगळी आणि ही वेगळी. काळी बुरशी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. कॅन्डिडा ऑरिस मात्र जाते. हातावरून, खाटेवरून, उपकरणावरून जाते. म्हणून तर तिची साथ येते.

औषध बोथट का पडते?

जिवाणूंवरची औषधे अनेक प्रकारची आहेत. बुरशीच्या बाबतीत तसे नाही. बुरशीच्या पेशीची ठेवण माणसाच्या पेशीशी बरीच मिळतीजुळती असते. त्यामुळे बुरशी मरेल आणि माणसाला इजा होणार नाही, असे औषध शोधणे अवघड जाते. शरीरात खोल शिरलेल्या बुरशीसाठी डॉक्टरांच्या हाती मुख्यत्वे तीन घराण्यांतली औषधे आहेत. पहिले, फ्लुकोनॅझोलचे घराणे. हे स्वस्त आणि गोळीच्या रूपात मिळणारे. दुसरे अँफोटेरिसिन, ज्याने मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. तिसरे इकायनोकॅन्डिनचे, जे शिरेतून द्यावे लागते आणि महाग पडते.

अमेरिकेत तपासलेल्या नमुन्यांत या बुरशीचे शेकडा ९० नमुने फ्लुकोनॅझोलला आणि शेकडा ३० अँफोटेरिसिनला दाद देत नव्हते. राहता राहिले तिसरे घराणे. ते बहुतेकांना लागू पडते, पण त्यालाही न जुमानणारे नमुने आता मिळू लागले आहेत. तिन्ही दारे बंद झाली, तर डॉक्टरांनी कोणाकडे पाहायचे? ही बुरशी रक्तात शिरलेल्या रुग्णांपैकी तिघांत एकाहून अधिक दगावतात, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे म्हणणे आहे. अर्थात हे रुग्ण आधीच गंभीर आजारी असतात. त्यामुळे मृत्यूचा सगळा दोष बुरशीच्या माथी मारता येत नाही, हेही डॉक्टर सांगतात.

आणखी एक अडचण म्हणजे, साध्या प्रयोगशाळेत ही ओळखू येत नाही. जुन्या पद्धतीची यंत्रे तिला तिच्याच कुळातली दुसरी बुरशी समजतात. चूक नाव, चूक औषध, आणि तोवर दिवस निघून गेलेले! हिची खरी ओळख पटविणारी यंत्रे मोठ्या केंद्रांत आहेत. तालुक्याच्या रुग्णालयात ती कोठून असणार?

औषध बोथट होण्याचा हा प्रकार आपल्या घरातही चालू आहे. गेल्या काही वर्षांत गजकर्ण बरेच होत नाही, अशी तक्रार वस्त्यावस्त्यांतून ऐकू येते. ती खरी आहे. २०२० साली शास्त्रज्ञांनी गजकर्णाच्या एका हट्टी बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव दिले. नावातच आपला देश आहे. टर्बिनाफिन हे गजकर्णावरचे हुकमी औषध. त्याला ही बुरशी अनेकदा जुमानत नाही. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेली स्टिरॉइडमिश्रित मलमे हे गजकर्ण चिवट होण्याचे एक मोठे कारण आहे. अशा मलमाने खाज दोन दिवसांत थांबते; बुरशी मात्र आत पसरत राहते. खाज थांबली की आपण मलम बंद करतो, आणि अर्धवट मार खाल्लेली बुरशी पुन्हा उठते. रुग्णालयातली बुरशी वेगळी, घरातली वेगळी. पण धडा एकच आहे. औषध चुकीचे आणि अर्धवट वापरले की ते आपल्याच हाताने बोथट होते.

ऑक्सफर्डची गोष्ट

आता साथ कशी पसरते आणि कशी थांबते, ते पाहू. त्यासाठी इंग्लंडला जावे लागेल, कारण तेथील डॉक्टरांनी आपल्या साथीचा हिशेब पैनपै मांडून ठेवला आहे. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन या हृदय व फुप्फुसांच्या रुग्णालयात एप्रिल २०१५ ते जुलै २०१६ या काळात ५० रुग्णांच्या अंगावर वा अंगात ही बुरशी सापडली. पैसा, यंत्रे, प्रयोगशाळा कशाचीच तेथे वाण नव्हती. तरीही ती शिरली.

ऑक्सफर्ड येथील रुग्णालयात मेंदूच्या रुग्णांचा अतिदक्षता विभाग आहे. तेथे २०१५ ते २०१७ या काळात ७० रुग्णांवर ही बुरशी आढळली, आणि त्यांतील सात जणांच्या शरीरात ती खोलवर शिरली. रुग्णांना वेगळे ठेवले, स्वच्छता वाढविली, तपासण्या केल्या. तरी नवे रुग्ण निघतच राहिले. मग प्रत्येक रुग्णाला काय काय लावले गेले, याची वही उलगडली गेली. तेव्हा सापडले एक लहानसे उपकरण. काखेत ठेवून सतत ताप मोजणारी ती एक नळी होती. एका रुग्णाची काढून ती दुसऱ्याला लावली जाई. ज्यांना ती लावली होती त्यांच्यावर बुरशी आढळण्याची शक्यता इतरांच्या मानाने कितीतरी पट अधिक होती. त्या नळ्या काढून टाकल्यावरच साथ ओसरली. २०१८ साली ही हकीकत वैद्यकाच्या एका नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

ही हकीकत आम्ही विस्ताराने सांगितली, कारण तिच्यात या रोगाचे सारे मर्म आले आहे. ही बुरशी माणसाच्या काखेत, जांघेत, कातडीवर महिनोन्महिने राहू शकते आणि त्या माणसाला काहीही होत नाही. तिथून ती चादरीवर, खाटेच्या कठड्यावर, सलाईनच्या स्टँडवर, रक्तदाबाच्या पट्ट्यावर उतरते. कोरड्या प्लॅस्टिकवर ती दोन आठवडे जिवंत राहिल्याचे प्रयोगात दिसले आहे. आधीचा रुग्ण घरी गेला, चादर बदलली, नवा रुग्ण आला. बुरशी मात्र कठड्यावर बसून आहे. ज्याच्या शिरेत नळी आहे, लघवीची पिशवी लावली आहे, व्हेंटिलेटरची नळी घशात आहे, त्याच्या शरीरात शिरायला तिला वाट मिळते. त्यातच जोरकस अँटिबायोटिक चालू असतील, तर शरीरातले उपयोगी जिवाणूही मरतात आणि बुरशीला रान मोकळे होते.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात २०१८ साली असा एक वृद्ध रुग्ण दगावला. त्याच्या खोलीतून बुरशी हटविण्यासाठी छताच्या आणि फरशीच्या काही लाद्या उखडाव्या लागल्या. इतकी ही चिवट!

फडका कोणाच्या हातात?

सर्व जंतुनाशके हिच्यावर सारखी चालत नाहीत. मोठ्या रुग्णालयांत सर्रास वापरली जाणारी क्वाटर्नरी अमोनियम वर्गातली द्रावणे हिच्यापुढे उणी पडतात. क्लोरीन देणारे हायपोक्लोराइट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड योग्य प्रमाणात वापरले तर ती मरते. त्यातही अट अशी की, पृष्ठभाग आधी पुसून घाण काढली पाहिजे आणि मग द्रावण ठरलेली मिनिटे ओले राहिले पाहिजे. लावले आणि लगेच कोरडे केले, तर काम झाले नाही. क्लोरीनचे पाणी शिळे झाले की त्याची ताकद जाते, म्हणून ते ताजेच करावे लागते.

आता प्रश्न असा की, हे सारे ज्याच्या हातून व्हायचे, त्याला हे कुणी सांगितले आहे काय?

आमच्या परिचयाच्या एक भगिनी एका मोठ्या रुग्णालयात ठेकेदाराकडे सफाईचे काम करतात. वॉर्डातले लोक त्यांना मावशी म्हणतात. त्यांना आम्ही विचारले, “बादलीत औषध किती टाकता?” त्या म्हणाल्या, “वास येईपर्यंत, दादा.” किती टाकायचे हे त्यांना आजवर कुणी दाखविलेले नाही. मुकादम येतो तो एवढेच सांगतो की, लवकर आटपा, मोठे डॉक्टर राउंडला यायचे आहेत. हातमोजे मिळतात, ते फाटले की नवे येईपर्यंत उघड्या हातांनी काम. एकच बादली, एकच फडका, आधी हा वॉर्ड आणि मग तो.

डॉक्टर रुग्णाचे औषध मिलिग्रॅममध्ये लिहून देतात. मग खाटेचे औषध वासावर का मोजावे? ऑक्सफर्डचा अनुभव खरा मानायचा तर खाट, कठडा आणि उपकरण पुसणे हा उपचाराचाच भाग आहे. ते काम करणारी मावशी ही उपचार करणाऱ्या तुकडीतलीच एक आहे. परंतु आपल्याकडे या कामाला हलके काम म्हणतात, आणि ते कोणत्या वस्त्यांतल्या माणसांच्या वाट्याला येते हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. हलके म्हटले की शिकविण्याची गरज उरत नाही, पगार वाढविण्याची गरज उरत नाही, हातमोजे पुरविण्याचीही उरत नाही. या हलकेपणाची किंमत शेवटी अतिदक्षता विभागात पडलेला रुग्ण मोजतो. तो कोणत्याही जातीचा असो, बुरशी ते विचारीत नाही.

या कामगारांना कायद्याचा आधार आहे, हे ध्यानात घ्यावे. २०१६ सालच्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण, संरक्षक साधने, कावीळ-ब आणि धनुर्वाताची लस, तसेच वर्षातून एकदा आरोग्य तपासणी मिळाली पाहिजे. ही जबाबदारी रुग्णालयाची आहे. कामगार संघटनांनी पगाराच्या मागणीबरोबर प्रशिक्षणाचीही मागणी करावी. द्रावणाचे प्रमाण मराठीत मोठ्या अक्षरांत बादलीजवळ लिहून लावा, मापाचा मग द्या, अतिदक्षता विभागासाठी वेगळा फडका द्या. या मागण्यांना कितीसा खर्च येतो? आणि एक सावधगिरी आमच्या बहिणींनी स्वतःही पाळावी. ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट कधीही अ‍ॅसिडमध्ये मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

नातलगांनी काय करावे?

रुग्णाला भेटण्यापूर्वी आणि भेटून आल्यावर साबणाने हात धुवावेत किंवा तेथे ठेवलेले सॅनिटायझर वापरावे. हातांवरच्या या बुरशीला ते पुरेसे होते. रुग्णाच्या खाटेवर बसू नये. एका रुग्णाकडून उठून शेजारच्या रुग्णाला हात लावायचा असेल, तर मध्ये पुन्हा हात धुवावेत. आपल्याकडे गावाहून दहा माणसे भेटीला येतात. प्रेम मोठेच असते. पण अतिदक्षता विभागात एकाने जावे आणि नऊ जणांनी बाहेर थांबून धीर द्यावा.

डॉक्टरांना व सिस्टरांना नम्रपणे विचारण्यात कमीपणा नाही. लघवीची नळी अजून लागते का? हाताची सुई आज काढता येईल का? नळी जितके दिवस अधिक, तितका धोका अधिक. साध्या सर्दीतापाला “सलाईन लावा, भारी अँटिबायोटिक द्या” असा आग्रह मात्र आपण धरू नये.

रक्तातली बुरशी डोळ्यांना दिसत नाही. अँटिबायोटिक चालू असूनही ताप आणि थंडी हटत नाही, हेच बहुधा तिचे लक्षण. तपासणीत कॅन्डिडा ऑरिसचे नाव आले, तर तो कागद जपून ठेवावा आणि पुढच्या प्रत्येक रुग्णालयात आधीच दाखवावा. लपविल्याने आपल्याच माणसाचे उपचार चुकतील आणि शेजारच्या खाटेवरचा गरीबही धोक्यात येईल.

असा रुग्ण घरी आला तर घाबरू नये. निरोगी माणसाला हिच्यापासून सहसा अपाय होत नाही. त्याची सेवा केल्यावर हात धुवावेत, त्याचे टॉवेल व चादरी वेगळ्या ठेवून स्वच्छ धुवाव्यात. घरात कॅन्सरवर उपचार घेणारे कोणी किंवा फार अशक्त माणूस असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्या रुग्णाचे ताट बाजूला काढू नये, त्याला कोपऱ्यात बसवू नये. रुग्णालयात त्याला वेगळी खोली देतात ती इतर आजाऱ्यांच्या रक्षणासाठी. घरी त्याला वाळीत टाकण्याचे काहीही कारण नाही. माणसाला दूर बसविणे म्हणजे काय, हे आपल्याइतके दुसऱ्या कुणाला कळणार?

आणि शेवटी एक विनंती. पुढच्या वेळी कुणाला भेटायला रुग्णालयात जाल, तेव्हा फरशी पुसणाऱ्या मावशींना वाट द्या. त्यांनी नुकत्याच पुसलेल्या खाटेच्या कठड्यावर पिशवी टांगू नका. हातमोजे नसतील, तर तक्रारवहीत तशी नोंद करा. आपल्या माणसाचा जीव काही अंशी त्यांच्या फडक्यावर अवलंबून आहे.